रविवारची पुडी

जानेवारीत ग्वाल्हेरचा सूर्य रजेवर जातो.
साडेदहाला शटर उचलतो तेव्हा
समोरचा गजकवाला नुसता ऐकू येतो,
धुक्यात तीळ कुटल्याचा ठोका, मग ठोका,
आणि पहिलं गिऱ्हाईक भदौरियाजी, कानटोपीसकट:
“भाईसाहब, वो ताकत वाला पाउडर.”

ताकद मी फळीवर लावून ठेवली आहे.
वर झिंक, मधे माशाचं तेल,
खाली ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, आठवड्याला एक,
दुधातून, शक्यतो रविवारी, म्हणजे विसरत नाही.
डब्यांवर ठळक अक्षरांत: प्रतिकारशक्ती वाढवा.
हेमाताई येणार असली की
मी ते डबे पाठमोरे करून ठेवतो.

एकोणचाळिसाव्या वर्षी एका सकाळी
तिला कुकरचं झाकण फिरवता येईना.
डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं:
हे सांधे, हे शिपाई.
शिपाई घरच्यांनाच ओळखेनासे झालेत.

आम्ही राहतो त्या भागाचं नावच लष्कर.
पणजोबांचे पणजोबा इथे तळाबरोबर आले.
तंबू गेले, घोडे गेले, नाव राहिलं.
असाही तळ असतो, लढाई संपलेली,
परत फिरायचा हुकूम कुणी दिलेला नाही,
मग बोटांच्या पेरापेरांत
रात्रभर गस्त चालू.

हिची शक्ती वाढवू नका हो.
हिच्या शक्तीची कुणीतरी समजूत काढा.

तिची मृण्मयी आता एकोणीसची.
दिवाळीनंतर एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणाली,
“मामा, दुकानदार म्हणून नको, खरं सांग.
हे घेतलं तर मला आईसारखं नाही ना होणार?”

दुकानदार गप्प बसला.
मामाला तरी किती माहीत होतं.
कुठेतरी हजारो माणसांना पाच वर्षं
ड जीवनसत्त्व दिलं, तितक्यांनाच पोकळ गोळी,
आणि मोजलं.
खरी मिळालेल्यांत असले आजार थोडे कमी निघाले.
थोडे. आणि ती माणसंही पन्नाशीची, पुढची.
हजारात दोन-चार वाचले असतील.
कोण वाचलं, ते त्यांनाही ठाऊक नाही.
न झालेल्या आजाराची पावती फाडता येत नाही.
न सुजलेलं बोट
कुणी दाखवायला आणत नाही.

तिला सराफ्यातल्या दिनकररावांचं सांगितलं.
रविवारची पुडी ते रोज घेत होते, तीन महिने,
चांगलं जास्त घेतलं की जास्त चांगलं, या हिशोबानं.
उलट्या, मूत्रपिंड, आठ दिवस सलाईन.
ऊन बाधलेली माणसं पुष्कळ पाहिली,
ऊन प्यायलेला हा एकच.

“म्हणजे घेऊ की नको?”
“आधी रक्त तपास. कमी निघालं तर डॉक्टरीणबाई सांगतील तेवढंच.
आणि आईच्या गोळ्या त्या आईच्या गोळ्या.
त्यांच्या जागी हे बसत नाही.”
“माशाचं तेल?”
“ते आजीला विचार.”

आजी चतुर्थीला लसूण घरात आणू देत नाही.
तिनं गेल्या वर्षी ती पिवळी कॅप्सूल
लेकीच्या तळहातावर स्वतः ठेवली
आणि डोळे मिटून म्हणाली,
हे औषध आहे. हे पोहत नाही.

रिपोर्ट आला. अकरा. वीसच्या वर हवं होतं.

आज रविवार, दुकान अर्धा दिवस.
पावणेबाराला गच्चीवर ऊन आलं,
पाणी घातलेल्या ताकासारखं.
हेमाताई मटार सोलते आहे.
अंगठा वाकत नाही, म्हणून शेंग दातानं उघडते,
आणि कुणी पाहिलं की हसते.
दूध निवत ठेवलंय.
मी मृण्मयीच्या बोटांकडे पाहतो, पाहत नसल्यासारखा.
तीही पाहते.

पुडीची कड तिनं दातानं फाडली,
आई शेंग उघडते तश्शी.
सवय असेल.
मी कात्री शोधत राहिलो.